दीड भाकरीचा हिशेब

आपल्या घरांत हिशेबाला कधी तोटा नसतो. दुधाचा हिशेब असतो, इस्त्रीवाल्याचा असतो, वर्तमानपत्राच्या रद्दीचाही असतो. लग्नात कोणी काय आहेर केला, याची वही तर तीन-तीन पिढ्या ट्रंकेच्या तळाशी जपून ठेवलेली असते. परंतु ज्या वीतभर पोटासाठी हा सगळा खटाटोप चालतो, त्या पोटात दिवसभरात काय गेले, याची नोंद कोणत्याच वहीत सापडत नाही. परवा दुपारी तुम्ही काय जेवलात, असे कोणी एकदम विचारले तर बहुतेक जण छताकडे पाहू लागतात. भाजी आठवते, पण पोळ्या किती खाल्ल्या हे आठवत नाही. आणि चार वाजता चहाबरोबर जे काही तोंडात टाकले, ते तर खाल्ले असेच कोणी धरत नाही.

हा आळस आहे असे मला वाटत नाही. हा संस्कार आहे. ‘कोणाचे घास मोजू नयेत’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पंगतीत वाढणारी सुगरण पाहुण्याच्या पानात सातवी पुरी टाकते आणि वर म्हणते, ‘तुम्ही काही घेतलंच नाही!’ सहा पुऱ्या तिने पाहिल्या नाहीत असे थोडेच आहे? पण पाहिलेले विसरणे हाच तिचा धर्म. आपले सगळे आदरातिथ्य या गोड विस्मरणावर उभे आहे. एखाद्या घरी आपण किती खातो याकडे लक्ष आहे असा नुसता संशय आला, तरी घास घशात अडकतो. मराठीत ‘घास मोजणे’ हा वाक्प्रयोग कौतुकाने कधी कोणी वापरल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

आणि अशा संस्कारात वाढलेल्या माझ्यावर, मागच्या श्रावणात, माझ्या आईचे घास मोजण्याची पाळी आली.

आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. वडील गेल्यापासून ती आर्वीचे घर बंद करून वर्ध्याला आमच्याकडे राहते. साखरेचा विकार जुना. सकाळी एक गोळी ठरलेली. श्रावणातल्या एका सोमवारी मी महाविद्यालयात वर्गावर असताना शेजारच्या वहिनींचा फोन आला. आई उंबरठ्याजवळ बसली होती, अंगाला दरदरून घाम सुटला होता, हात थरथरत होते आणि बोलणे असंबद्ध येत होते. वहिनींनी प्रसंगावधान राखून साखरेचे पाणी पाजले. पंधरा-वीस मिनिटांत आई माणसात आली आणि मी घरी पोहोचले तेव्हा, ‘कायले धावत आली वं? वर्ग सोडून?’ असे मलाच रागावली.

संध्याकाळी आमच्या डॉक्टरांनी साधाच प्रश्न विचारला. गोळी घेतली होती हे ठीक. पण गोळीच्या मागे पोटात काय होते? साखर उतरवणारी गोळी आपले काम इमानाने करते. उतरवायला पोटात काही आहे की नाही, हे ती पाहत नाही. आई म्हणाली, ‘खाल्लं होतं ना.’ काय खाल्ले? ‘उपासाचं.’ किती? ‘जेवढं खातात तेवढं.’ डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. मला काही सांगता येईना. घरात दुसऱ्या कोणालाच सांगता येण्यासारखे नव्हते. मी साडेनऊला घराबाहेर पडते, यजमान त्याआधी, मुलगा त्याच्याही आधी. दुपारभर घरात आई आणि भिंतीवरचे घड्याळ. ‘पंधरा दिवस रोज काय, किती आणि केव्हा खाल्ले ते लिहून आणा,’ डॉक्टर म्हणाले, ‘मग औषधाचे पाहू.’

पंधरा दिवस लिहायचे, एवढेच. पण हे ‘एवढेच’ किती अवघड असते!

पहिला प्रयोग वहीचा. शिक्षकाच्या घरात कोऱ्या वह्यांना तोटा नसतो. मी पट्टी घेऊन रकाने आखले : वेळ, पदार्थ, प्रमाण, शेरा. आईने त्या रकान्यांकडे पाहून विचारले, ‘मले आता परीक्षेले बसवतं का?’ पहिल्या दिवशी पाच ओळी भरल्या. दुसऱ्या दिवशी तीन. तिसऱ्या दिवशी आईच्या वळणदार अक्षरात एकच शब्द होता, ‘वरीलप्रमाणे’. चौथ्या दिवशी त्या पानावर तूरडाळ, हळद नि धुण्याचा साबण अशी किराण्याची यादी आली आणि वही आपल्या मूळ कामाला लागली.

दुसरा प्रयोग चिरंजीवांचा. त्यांनी आजीच्या फोनवर जेवणाची नोंद ठेवणारे एक अॅप चढवले. ताटाचा फोटो काढायचा, बाकी सगळे तोच सांगतो. आमच्या ताटातली ज्वारीची भाकर त्याला पराठा वाटली. अंबाडीची भाजी त्याच्या यादीत नव्हतीच. तिच्याऐवजी पालक घ्या, असे त्याने सुचवले. पातळ भाजीचे ‘एक कप की दोन कप’ असे विचारले. मी कितीतरी वर्षे स्वयंपाक करते आहे, पण आमटी कपाने वाढलेली मला आठवत नाही. आईची तक्रार निराळी होती. ‘फोटो निघेस्तोवर भाकर निवते,’ ती म्हणाली. हे शास्त्रीय आक्षेपापेक्षा मोठे होते. गरम भाकरीसमोर बसलेल्या माणसाला थांबवणारा कोणताही हिशेब टिकायचा नाही.

मग मला वाटले, आपण राहतो कुठे? अन्नाचे मोजमाप शिकायचे तर वर्ध्यासारखी दुसरी जागा शोधून सापडायची नाही. सेवाग्रामला जाण्यापूर्वी, १९३५ साली गांधीजी वर्ध्यातच मगनवाडीत राहत होते. अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे ते ठिकाण. तिथले स्वयंपाकघर म्हणजे एक प्रयोगशाळाच होती. त्याच वर्षी त्यांनी तिथे सोयाबीनचे प्रयोग केले आणि त्यांची हकीकत ‘हरिजन’मध्ये छापली. आज आमच्या जिल्ह्यात कपाशीच्या जोडीला दूरवर सोयाबीनच पसरलेले दिसते, तेव्हा त्या मगनवाडीच्या स्वयंपाकघराची हटकून आठवण होते. पुढे १९४२ साली आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना त्यांनी ‘आरोग्याची किल्ली’ लिहिली. बैठे काम करणाऱ्या माणसाने रोज काय खावे, याचे तीत चक्क कोष्टक आहे : गाईचे दूध २ रत्तल, सगळी धान्ये मिळून ६ औंस, पालेभाजी ३ औंस, गूळ दीड औंस... सहा औंस म्हणजे आजचे सुमारे १७० ग्रॅम. हे कोष्टक मी आईला वाचून दाखवले. ती म्हणाली, ‘त्याहिच्या आश्रमात तराजू धराले माणसं होते. आपल्या घरी कोन हाय?’

परंतु गांधीजींचा खरा शोध तराजूचा नव्हे, असे मला वाटते. तो त्याच्या पुष्कळ आधीचा, १९१५ सालच्या हरिद्वारच्या कुंभमेळ्यातला. आफ्रिकेतून नुकतेच परतलेल्या गांधीजींसाठी जिथे तिथे यजमान फळांची नि सुक्या मेव्याची रास मांडत. एका माणसाच्या साधेपणापायी घरभर माणसे राबत. त्याला कंटाळून त्यांनी हरिद्वारला व्रत घेतले : चोवीस तासांत पाचांहून अधिक पदार्थ खायचे नाहीत आणि अंधार पडल्यावर काही घ्यायचे नाही. आजारात औषध घ्यावे लागले तर? तेही पाचांतच धरायचे. व्रताचा कडकपणा बाजूला ठेवू. मला कौतुक वाटते ते त्याच्या सोपेपणाचे. या हिशेबाला ना वही लागते ना तराजू. देवाने प्रत्येकाला हाताच्या टोकाला पाच बोटे दिलेली आहेत. पाचवे बोट मिटले की जेवणाचे खाते बंद!

पण आमची अडचण उलटी होती. गांधीजींना कमी खायचे होते. आईने पुरेसे खाल्ले की नाही, हे आम्हाला कळायला हवे होते. शिवाय आईने बोटे मोजून सांगितले की, ‘पाच तं चटणी-लोणच्यातच सरतात.’

विनोबांचे टिपण मला अधिक जवळचे वाटले. १९१७ साली ते गांधीजींची परवानगी घेऊन वर्षभर आश्रमाबाहेर राहिले. वाईच्या प्राज्ञ पाठशाळेत नारायणशास्त्री मराठ्यांपाशी शिकले, महाराष्ट्रात पायी हिंडले. वर्ष संपता संपता, १९१८ च्या आरंभी, गांधीजींना त्यांनी जे पत्र लिहिले त्यात आपल्या आहाराचाही हिशेब दिला : दूध ६० तोळे, ज्वारीच्या २ भाकरी म्हणजे २० तोळे, केळी ४-५, आणि मिळाले तर एक लिंबू. एका ओळीत सारा दिवस! यातली खुबी पाहा. तोळे आहेत, पण भाकरीही आहे. वजन एकदा करून ठेवले की मग रोज भाकरी मोजली तरी पुरते. आणि ‘मिळाले तर’ या दोन शब्दांत केवढा प्रामाणिकपणा आहे! हेच विनोबा पुढे १९२१ साली वर्ध्याला आले, १९३८ साली धाम नदीच्या काठी पवनारला गेले आणि आमच्या जिल्ह्याचेच झाले.

आहारशास्त्रज्ञही शेवटी याच वाटेने गेलेले दिसतात. कुन्नूरच्या प्रयोगशाळेतून १९३७ साली अॅक्रॉइड यांनी भारतीय अन्नपदार्थांची पोषणकोष्टके प्रसिद्ध केली. ती प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादला आली. आजची राष्ट्रीय पोषण संस्था ती हीच. तिच्या वतीने १९७२ पासून पुढे कितीतरी वर्षे खेड्यापाड्यांतून पाहण्या झाल्या. कोष्टके सगळी ग्रॅमची. पण घरोघर जाणारी माणसे घरच्या बाईला ग्रॅम विचारत नसत. ती ठरावीक मापाच्या वाट्या घेऊन जात, समोर मांडत, आणि कालच्या दिवसात यांतली कोणती वाटी किती वेळा झाली, असे विचारत. म्हणजे एवढ्या मोठ्या शास्त्रालासुद्धा शेवटी चुलीजवळ येऊन वाटीचीच भाषा बोलावी लागली. आमच्या चिरंजीवांच्या फोनला ती अजून यायची आहे.

हिशेबाची आणखी एक युक्ती मला माझ्या विद्यार्थिदशेने शिकवली होती, ती या निमित्ताने आठवली. नागपूरला एम. ए. करताना मी वसतिगृहाच्या खानावळीत जेवत असे. साठ-सत्तर मुलींचे दोन वेळचे जेवण. पण खानावळीच्या बाई वहीत आमचे जेवण कधीच लिहीत नसत. त्या लिहीत फक्त ‘खाडा’. जी जेवायला आली नाही तिच्या नावापुढे एक फुली. महिन्याअखेर खाडे वजा जाता उरतील तेवढ्या जेवणांचे पैसे. केवढे शहाणपण आहे यात! रोज जे घडते ते लिहायचे नाही. जे चुकले तेवढेच लिहायचे. तीस दिवसांत साठ नोंदींऐवजी चार फुल्यांत काम भागते. मराठीने या गोष्टीसाठी ‘खाडा’ असा नेमका शब्द घडवून ठेवला आहे, याचाही मला भाषेची शिक्षिका म्हणून अभिमान वाटतो.

हे सगळे मी एका सकाळी आईला सांगत होते. ती दूधवाल्याचा हिशेब लिहीत उभी होती. आमच्याकडे स्वयंपाकघराच्या दाराशी कॅलेंडर टांगलेले असते आणि त्याच्या खिळ्याला दोऱ्याने एक पेन्सिल बांधलेली असते. त्या दिवशी दीड लिटर दूध घेतले होते. आईने तारखेच्या चौकोनात लिहिले : १॥.

आमच्या मुलाला ते अकरा की एकशे अकरा, हे कळले नसते. ही जुनी मांडणी. एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड, १॥। म्हणजे पावणेदोन. आजोबा आर्वीला एका जिनिंगमध्ये दिवाणजी होते. कापसाच्या हंगामात त्यांच्या मांडीशी बसून आई पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी शिकली. शाळा चौथीत सुटली, पण औटकी अजून तोंडपाठ आहे.

माझे बोलणे ऐकून ती म्हणाली, ‘मंग एवढं तं सोपं हाय. दुधाखाली भाकर लिहीन मी.’

आणि तिने लिहायला सुरुवात केली. पद्धत तिची तिनेच बसवली, म्हणून ती इथे जरा सविस्तर सांगते. कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

चौकोनात वर दूध. त्याखाली तीन जागा : डावीकडे सकाळ, मध्ये दुपार, उजवीकडे रात्र. जेवण झाले, हात धुतले, की पाणी प्यायला माठाशी जाता जाता कॅलेंडर लागतेच. तिथे किती भाकर झाली त्याचा आकडा नि रेघा. बस्स. पदार्थाचे नाव नाही, वेळ नाही, शेरा नाही. सगळे जेवण भाकरीच्या नाण्यात. वाटीभर भात म्हणजे अर्धी भाकर. बशीभर पोहे म्हणजे पाऊण. उपासाची भगर अर्धी, पण तिच्यावर एक टिंब, म्हणजे ‘उपास’ समजायचे. हे विनिमयाचे दर तिने स्वतः ठरवले आणि रिझर्व्ह बँकेच्या थाटात जाहीर केले. काही खाल्ले नाही तर पूज्य. शून्याला ती अजून पूज्यच म्हणते. आणि गोळी घेतली की त्या जागेखाली एक आडवी रेघ.

या सगळ्याला हात पुसायला लागतो त्याहून कमी वेळ लागे. वही तीन दिवसांत गळाली, फोन दोन दिवसांत. रेघा मात्र पहिल्या आठवड्यात एकदाही चुकल्या नाहीत. मी विचार करते तेव्हा वाटते, हात जिथे आधीच जात होता तिथेच नवे काम ठेवले, हे यातले मर्म. नव्या कामासाठी नवी जागा, नवी वही, नवी वेळ काढायला सांगितले की माणूस पहिल्या दिवशी उत्साहाने नि तिसऱ्या दिवशी कर्तव्य म्हणून करतो, आणि चौथ्या दिवशी विसरतो. दुधाशेजारची भाकर कोणी विसरत नाही.

पंधरा दिवसांनी मी कॅलेंडरच खिळ्यावरून काढले, गुंडाळी केली आणि आईसह डॉक्टरांकडे गेले. त्यांना प्रथम काही उमगेना. आईने खुर्ची पुढे ओढली आणि त्यांना पावकी-निमकी समजावून दिली. मग त्यांनी एकच गोष्ट करायला सांगितली : तुमच्या एका भाकरीचे पीठ एकदा तोलून या. आम्ही घरी येऊन तोलले. साठ ग्रॅम भरले, म्हणजे सुमारे दोनशे उष्मांक. एकदा तोलल्याबरोबर पंधरा दिवसांच्या साऱ्या रेघा बोलक्या झाल्या. विनोबांच्या ‘दोन भाकरी म्हणजे वीस तोळे’ याचा अर्थ मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने कळला. (वीस तोळे म्हणजे २३३ ग्रॅम. विनोबांच्या एका भाकरीत आईच्या जवळजवळ दोन भाकरी बसल्या असत्या!)

आणि त्या रेघांनी काय दाखवले? सोमवारी आणि एकादशीला सकाळच्या जागी पूज्य होते नि त्याखाली गोळीची आडवी रेघ मात्र ठसठशीत होती. एवढे आम्ही धरूनच चाललो होतो. पण उपास नसलेल्या मंगळवारी नि शुक्रवारीही सकाळी पूज्यच होते. डॉक्टरांनी विचारले, त्या दिवशी काय असते? कोणाला सांगता येईना. मी घरी येऊन माझे वेळापत्रक पाहिले. मंगळवारी नि शुक्रवारी माझा पहिला तास सकाळी लवकर असतो. मी घाईत चहा घेऊन निघते, पोहे-उपमा काही होत नाही. आणि एकटीसाठी आई चूल पेटवत नाही. गोळी तेवढी सात वाजता चहाबरोबर घेते, कारण गोळी डॉक्टरांनी सांगितलेली असते. न्याहरी कोणी सांगितलेली नसते.

डॉक्टरांनी औषधाची बांधणी बदलली. गोळी घड्याळाला नाही, घासाला बांधायची, असे त्यांनी आईला सांगितले. भाकरीची रेघ आधी, गोळीची मागून. पूज्य असेल तर आडवी रेघ काढायची नाही, मला फोन करायचा. आणि उपास करायचा असेल तर आधी विचारून, भगर वेळेवर खाऊन. आईला हे पटले, कारण हे तिच्याच लिपीत सांगितले गेले. श्रावणातल्या त्या दुपारसारखी दुपार त्यानंतर आलेली नाही.

आता कोणी म्हणेल, शेवटी घास मोजलेच ना? मोजले खरे, पण कोणी मोजले हा प्रश्न आहे. मी वहीत लिहीत होते तेव्हा मी आईचे घास मोजत होते. फोन फोटो काढत होता तेव्हा कोणी परका मोजत होता. दोन्ही वेळा आईने ते आपल्या परीने मोडून काढले, आणि ते तिच्या संस्काराला धरूनच होते. आपल्या हाताने, आपल्या मापाने, आपल्या अक्षरात जेव्हा तिने लिहिले, तेव्हा ते घास मोजणे राहिले नाही. तो तिचा हिशेब झाला. आजाऱ्याच्या आहाराची नोंद कशी ठेवावी, असे मला कोणी विचारले तर मी एवढेच सांगेन : पेन्सिल ज्याचे ताट त्याच्या हातात द्या, आणि वाचणाऱ्याने रागावू नये.

हे दुसरे कलम पहिल्याहून अवघड आहे. दुसऱ्या महिन्यात काही चौकोनांच्या अगदी कोपऱ्यात मला बारीक अक्षरात ‘गो’ असे दिसू लागले. मी बराच विचार केला. मग चिरंजीव कोणत्या दिवशी बाजारात जातात ते लक्षात आले आणि कोडे सुटले. ‘गो’ म्हणजे गोरसपाक! वर्ध्यात येऊन गोरसपाक न नेणारा पाहुणा विरळा. गाईच्या तुपातला तो खुसखुशीत पदार्थ म्हणजे आमच्या गावाची ओळखच. नातू आजीला गुपचूप आणून देत होता आणि आजी गुपचूप खात होती. पण लिहीत होती! चोरी करायची आणि चोपडीत जमाही करायची, हे दिवाणजीच्या लेकीलाच सुचावे. मी काही बोलले नाही. बोलले असते तर गोरसपाक थांबला नसता, ‘गो’ तेवढा थांबला असता. डॉक्टरांनी मात्र विचारले तेव्हा आई म्हणाली, ‘गांधीबाबाच्या गावचा हाय, त्यानं काय होते?’ डॉक्टर हसले आणि आठवड्याला एक ‘गो’ मंजूर केला.

आता दिवाळी आली आहे. डबे भरू लागले आहेत. चकल्या, शेव, चिवडा, करंज्या आणि आईच्या हातचे अनारसे. त्यांचा भाकरीशी दर काय धरायचा, यावर आमच्या घरात अजून वाटाघाटी चालू आहेत. एका अनारशाला पाव भाकर धरावी असे आईचे म्हणणे. चिरंजीवांनी फोनवर पाहून ती फार स्वस्त सांगते असा निर्णय दिला आहे.

परवा मी कॅलेंडरचे मागचे पान उलटून पाहत होते. आईच्या तीन जागांच्या खाली, चौकोनाच्या तळाशी, आणखी एक ओळ कधीपासूनची दिसत होती. फिकट, पेन्सिल न दाबता काढलेली. मंगळवारी ०, शुक्रवारी ०. इतर दिवशी कुठे ॥, कुठे ।, रविवारी तेवढे २. गोळीची आडवी रेघ तिच्याखाली कुठेच नव्हती. मी आईला विचारले, ही कसली ओळ? ती करंजीला मुरड घालत होती. मान वर न करता म्हणाली, ‘तुही.’

कोणाचे घास मोजू नयेत, हे मला आईनेच शिकवले. त्या नियमाला अपवाद कोणाचा, हे ती शिकवायची राहिली होती. या मंगळवारी मी पहिल्या तासाला निघण्यापूर्वी ओट्याशी उभ्याउभ्या अर्धी भाकर खाल्ली. आईने जागेवरून उठून कॅलेंडरवर दोन उभ्या रेघा ओढल्या. या मात्र जरा दाबून.